जॉर्ज बूल : 'हो' आणि 'नाही' यांचं गणित मांडणारे मास्तर



मागच्या आठवड्यात प्रॅक्टिकलच्या तासाला आपण शिष्यवृत्तीची यादी लावणारा प्रोग्राम लिहिला होता. आठवतं ना? नावं नमुन्याची होती, एकूण ६०. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी दोन फंक्शन्स लिहिली. एक विचारतं, हा विद्यार्थी पात्र आहे का? त्यात अट : उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी. दुसरं विचारतं, अपात्र आहे का? त्यात अट : उत्पन्न ८ लाख किंवा त्याहून जास्त. वाचायला दोन्ही बरोबर. प्रोग्राम चालवला तर पात्रांच्या यादीत ४१ नावं आली, अपात्रांच्या यादीत १८. बेरीज ५९.

एक नाव गेलं कुठे? शोधल्यावर कळलं की त्या मुलीच्या उत्पन्नाचा रकाना भरलेलाच नव्हता. जावास्क्रिप्टमध्ये तिथे 'अनडिफाइन्ड' होतं. अनडिफाइन्ड हे ८ लाखांपेक्षा कमी आहे का? नाही. ८ लाख किंवा जास्त आहे का? तेही नाही. झालं, मुलगी दोन्ही यादीतून गेली आणि प्रोग्रामने एक एरर सुद्धा दाखवली नाही. आणि त्या जागी 'नल' असता तर आणखी गंमत. नलला शून्य समजून मशीनने तिला पात्र ठरवून टाकलं असतं. नावं खोटी होती म्हणून आपण हसलो. खरी असती तर ती मुलगी ऑफिसच्या खिडकीशी उभी राहिली असती आणि आतल्या माणसाला दोन्ही याद्या बघूनही तिला काय सांगावं ते समजलं नसतं.

ही चूक होऊच नये असा नियम एका शाळामास्तरांनी १८४७ साली एका ओळीत लिहून ठेवला होता : क्ष + (१ − क्ष) = १. त्यांचं नाव जॉर्ज बूल. आपल्या पुस्तकात त्यांचं नाव 'बूलियन' या शब्दापुरतंच येतं. प्रश्न विचारला तर उत्तर लिहायचं : ज्या डेटा टाइपच्या किमती ट्रू किंवा फॉल्स असतात तो. गुण १. एवढ्यावर माणूस संपतो. म्हणून आज जरा निवांत बघू.

बूट शिवणाऱ्याचा मुलगा

बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधल्या लिंकन या गावी झाला. वडील जॉन बूल बूट शिवायचे. पण त्यांचं मन दुकानात कमी आणि भिंगांत जास्त. ते स्वतः दुर्बिणी बनवायचे आणि गावातल्या लोकांना बोलावून आकाश दाखवायचे. साहजिकच धंदा कधी नीट चालला नाही. आई मेरी ॲन लग्नाआधी एका श्रीमंत घरात मालकिणीच्या हाताखाली काम करायची. चार भावंडांत जॉर्ज थोरला.

गणिताची गोडी वडिलांनी लावली. लॅटिन शिकवायला गावातला एक पुस्तकविक्रेता मित्र मिळाला. ग्रीक, फ्रेंच आणि जर्मन या भाषा जॉर्ज आपापल्या शिकला. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचा इंग्रजी अनुवाद केला आणि वडिलांनी अभिमानाने तो गावच्या वर्तमानपत्रात छापायला दिला. तो वाचून एका मास्तरांनी जाहीर शंका घेतली की एवढ्या वयाच्या मुलाला हे जमणं शक्यच नाही, कुठून तरी उचललेलं असणार. हुशार पण गरीब मुलाच्या वाट्याला हा अनुभव कुठेही येतो, इंग्लंड काय आणि आपल्याकडे काय.

पुढे वडिलांचं दुकान बसलं आणि सोळाव्या वर्षी जॉर्जवर घर चालवायची वेळ आली. १८३१ मध्ये डॉनकास्टर गावी एका शाळेत त्याला साहाय्यक शिक्षकाची नोकरी लागली. शाळा कडक धार्मिक वळणाची होती. हा मुलगा रविवारीसुद्धा गणिताची पुस्तकं वाचतो, प्रार्थना चालू असताना मनात गणितं सोडवतो, अशा तक्रारी झाल्या आणि दोन वर्षांत ती नोकरी गेली, असं सांगतात. मग लिव्हरपूल, मग लिंकनजवळचं वॉडिंग्टन. शेवटी १९व्या वर्षी त्याने लिंकनला स्वतःची शाळा काढली. आईवडील आणि भावंडं, सगळ्यांचा भार त्या शाळेवर.

गणितच का निवडलं याचं कारण मला फार आवडतं. पुस्तकं विकत घ्यायला पैसे कमी. बाकीच्या विषयाचं पुस्तक चार दिवसांत वाचून संपतं, गणिताचं एक पुस्तक महिनोन्महिने पुरतं. पैसे वसूल! अशा हिशेबाने त्याने लाक्रोआ या फ्रेंच लेखकाचं कॅल्क्युलसचं पुस्तक घेतलं. पुढे लाग्रांज आणि लाप्लास यांचे अवघड ग्रंथ मदतीशिवाय वाचून काढले. दिवसा मुलांना शिकवायचं, रात्री हे.

डॉनकास्टरला असतानाची एक गोष्ट त्यांच्या पत्नीने पुढे लिहून ठेवली आहे. सतरा वर्षांचा जॉर्ज एका शेतातून चालला होता आणि अचानक त्याच्या मनात आलं की माणूस ज्या रीतीने विचार करतो ती रीत बीजगणिताच्या चिन्हांत मांडता येईल. विचार आला आणि बाजूला राहिला, कारण दुसऱ्या दिवशी शाळा होती. तो पुस्तकात उतरायला चौदा वर्षं लागली.

मधल्या काळात ते गणितज्ञ म्हणून हळूहळू माहीत होऊ लागले. केंब्रिजहून निघणाऱ्या गणिताच्या नियतकालिकाचे संपादक डंकन ग्रेगरी यांनी त्यांचे लेख छापले. केंब्रिजला रीतसर शिकायला जावं असा विचार झाला होता, पण शाळा बंद केली तर घरी खायचं काय? ते गेले नाहीत. १८४४ मध्ये त्यांच्या एका लेखाला रॉयल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, तेव्हाही ते लिंकनमध्ये शाळाच चालवत होते.

भांडण विधेयावरून

आता मुख्य गोष्ट. व्याकरणात आपण उद्देश्य आणि विधेय शिकतो. 'रमा हुशार आहे' यात रमा उद्देश्य, 'हुशार आहे' हे विधेय. आता रमाला काढून टाका. उरलं : '____ हुशार आहे'. रिकाम्या जागेत कुणाचंही नाव घाला, वाक्य खरं किंवा खोटं होतं. प्रोग्रामिंगमध्ये प्रेडिकेट म्हणतात ते हेच. वस्तू आत जाते, हो किंवा नाही बाहेर येतं. प्रेडिकेटला मराठीत शब्दही विधेय हाच आहे.

१८४७ च्या सुमाराला या विधेयावरून इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये जोरदार वाद पेटला होता. एका बाजूला एडिनबर्गचे तत्त्वज्ञ सर विल्यम हॅमिल्टन, दुसऱ्या बाजूला लंडनचे गणिताचे प्राध्यापक ऑगस्टस डी मॉर्गन. (डी मॉर्गन यांचा जन्म आपल्याकडचा, मदुराईचा, १८०६ सालचा. बोर्डाच्या परीक्षेत ज्यांचे नियम येतात तेच हे.) मुद्दा असा : 'सगळे घोडे प्राणी आहेत' म्हणताना विधेयाच्या बाजूलाही 'सगळे' की 'काही' ते सांगायला नको का? हॅमिल्टन यांनी डी मॉर्गन यांच्यावर कल्पना चोरल्याचा आरोप केला आणि प्रकरण छापील भांडणापर्यंत गेलं. डी मॉर्गन हे बूल यांचे पत्रमित्र. भांडण वाचता वाचता बूल यांना शेतातला तो जुना विचार आठवला आणि त्यांनी काही आठवड्यांत ८२ पानांचं एक छोटं पुस्तक लिहून काढलं. नाव, 'द मॅथेमॅटिकल ॲनालिसिस ऑफ लॉजिक'.

त्यात त्यांनी काय केलं? इथे नीट लक्ष द्या, कारण हे अगदी आपल्या फिल्टरसारखं आहे. त्यांनी १ हे चिन्ह घेतलं, अर्थ : विचारात घेतलेल्या सगळ्या वस्तू. मग क्ष हे चिन्ह घेतलं. पण क्ष म्हणजे संख्या नाही, ती एक क्रिया आहे. कुठल्याही ढिगावर क्ष चालवला की त्यातल्या क्ष गुणाच्या वस्तू तेवढ्या निवडून हातात येतात. म्हणून त्यांनी या चिन्हांना निवड करणारी चिन्हं म्हटलं. क्ष आणि य शेजारी लिहिले की आधी य ची निवड, मग त्यातून क्ष ची निवड. त्यांच्या पुढच्या पुस्तकातलं उदाहरण मेंढ्यांचं आहे : क्ष म्हणजे पांढऱ्या वस्तू, य म्हणजे मेंढ्या, क्षय म्हणजे पांढऱ्या मेंढ्या. त्यात शिंगवाल्या वस्तूंचा झ जोडा, शिंगवाल्या पांढऱ्या मेंढ्या आल्या. आधी पांढऱ्या निवडा की आधी मेंढ्या निवडा, शेवटी कळप तोच. म्हणून क्षय = यक्ष. गुणाकाराचा क्रमनिरपेक्ष नियम इथेही लागू.

पण पुढचा नियम मात्र नेहमीच्या बीजगणितात नाही. पांढऱ्या मेंढ्यांतून पुन्हा पांढऱ्या निवडल्या तर? त्याच राहतात. म्हणजे क्ष × क्ष = क्ष. साध्या संख्यांमध्ये हे कुठल्या संख्यांना जमतं? फक्त ० आणि १. तुम्ही करून बघा, तिसरी संख्या सापडणार नाही. बूल यांच्या सगळ्या इमारतीचा पाया हा एवढाच आहे. त्या समीकरणाची बाजू बदलली की क्ष(१ − क्ष) = ० मिळतं : एकच वस्तू क्ष आहे आणि क्ष नाही असं एकाच वेळी होत नाही. ॲरिस्टॉटलपासून जो तर्काचा मूळ नियम मानला जातो तो त्यांनी एका वर्गसमीकरणातून काढून दाखवला.

आता आपल्या हरवलेल्या मुलीकडे या. चांगल्या प्रेडिकेटने दोन गोष्टी पाळायला हव्यात. कुणी दोन्ही यादीत नको, हे क्ष(१ − क्ष) = ०. आणि कुणी दोन्ही यादींच्या बाहेर नको, हे क्ष + (१ − क्ष) = १. तुम्ही पहिली पाळलीत, दुसरी मोडलीत. का मोडली? कारण 'अपात्र' हे तुम्ही वेगळं फंक्शन म्हणून लिहिलंत. बूल यांच्याकडे 'नाही' ला स्वतंत्र अक्षर नाही, ते नेहमी १ मधून क्ष वजा करूनच मिळतं. तसंच तुम्हीही अपात्र म्हणजे 'पात्र चं उलट' एवढंच लिहायला हवं होतं.

तेवढ्याने ती मुलगी निदान एका यादीत येईल. पण चुकीच्या यादीत! माहिती नाही म्हणून तिला अपात्र ठरवणं हा अन्यायच आहे. यावरही बूल यांच्याकडे उत्तर आहे : १ म्हणजे काय ते आधी ठरवा. १८५४ च्या पुस्तकात त्यांनी सांगितलं की प्रत्येक बोलण्याला एक हद्द असते, आपण कुठल्या वस्तूंबद्दल बोलतोय ती. त्या हद्दीबाहेरच्या वस्तूला प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. म्हणजे आपल्या प्रोग्राममध्ये आधी एक प्रेडिकेट हवं : उत्पन्न भरलेलं आहे का? ज्यांचं भरलेलं आहे ती आपली १. त्यांचीच पात्र-अपात्र अशी विभागणी. बाकीच्यांची तिसरी यादी, त्यांच्या घरी फोन करायचा.

पदवी नसलेले प्राध्यापक

आयर्लंडमध्ये नवीन कॉलेजं निघणार होती. बूल यांनी अर्ज केला आणि बराच काळ वाट पाहिली. मधे वडील वारले. शेवटी १८४९ मध्ये कॉर्क इथल्या क्वीन्स कॉलेजात गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. कुठल्याही विद्यापीठाची पदवी नाही, शाळेत शिकवण्याचा सुमारे अठरा वर्षांचा अनुभव तेवढा पाठीशी. बटाट्याच्या दुष्काळाने आयर्लंड त्या वेळी पार खचलेलं होतं. अशा ठिकाणी ते गेले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले.

शिक्षक म्हणून कसे होते? मन लावून शिकवणारे, पण तंद्री लागणारे. एक गोष्ट सांगतात ती अशी. एकदा ते वर्गात लवकर आले आणि फळ्याकडे तोंड करून विचार करत उभे राहिले. मुलं आली, बसली, सर वळायची वाट पाहिली आणि तास संपल्यावर हळूच निघून गेली. घरी जाऊन त्यांनी पत्नीला सांगितलं की आज एकही विद्यार्थी आला नाही! (हा प्रयोग माझ्यावर करू नका.)

१८५४ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ आला, थोडक्यात नाव 'द लॉज ऑफ थॉट'. त्यात एक उदाहरण बायबलच्या जुन्या करारातलं आहे. ज्यू धर्मनियमांप्रमाणे शुद्ध पशू कोणते? ज्यांचे खूर दुभंगलेले आहेत आणि जे रवंथ करतात ते. दोन्ही अटी पाहिजेत. बूल यांनी लिहिलं : क्ष = यझ. इथून त्यांनी एक युक्ती काढली. कितीही गुंतागुंतीचं विधान द्या, त्यात प्रत्येक अक्षराच्या जागी आळीपाळीने १ आणि ० घालून बघा. दोन अटी असतील तर चार शक्यता, तीन असतील तर आठ. या चार खोल्यांच्या बाहेर जगात काही उरत नाही.

टेस्टिंग म्हणजे तरी दुसरं काय? शुद्ध पशू ओळखणारं प्रेडिकेट लिहिलं तर ते किमान चार प्राण्यांवर चालवून बघायलाच हवं. बायबलच्या हिशेबाने गाय : खूर दुभंगलेले, रवंथही करते. उंट : रवंथ करतो, खूर मात्र दुभंगलेले धरत नाहीत. डुक्कर : खूर दुभंगलेले, रवंथ नाही. घोडा : दोन्ही नाही. तुमच्यापैकी बहुतेक जण फक्त गाय आणि घोडा देऊन बघतात आणि प्रोग्राम बरोबर आहे म्हणतात. पण 'आणि' च्या जागी चुकून 'किंवा' लिहिलं असेल तर गाय आणि घोडा दोघेही बरोबरच उत्तर देतील. चूक पकडतील ती उंट आणि डुक्कर.

या 'किंवा' ने खुद्द बूल यांनाही बराच त्रास दिला. आपण म्हणतो, चहा घेणार की कॉफी, तेव्हा दोन्ही घेणं अपेक्षित नसतं. पण आधार किंवा पॅन चालेल असं म्हणतो तेव्हा दोन्ही आणणाऱ्याला कुणी परत पाठवत नाही. बूल यांची बेरीज पहिल्या जातीची होती. क्ष + य लिहायचं तर दोघांत सामाईक काही नको, कारण तसं असलं तरच नेहमीचं बीजगणित टिकतं. दुसरा अर्थ हवा असेल तर ते लिहीत : क्ष + य(१ − क्ष). विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या तरुण अभ्यासकाने त्यांना पत्रं लिहून आग्रह धरला की क्ष + क्ष = क्ष असं सरळ मान्य करा, दोन ढिगांत एकच वस्तू असली तरी ती एकदाच मोजा. बूल यांना ते पटलं नाही. माझ्या मते इथे जेव्हन्स बरोबर होते. आज आपण प्रोग्राममध्ये जो 'ऑर' वापरतो तो जेव्हन्सचा, आणि बूल यांचा अर्थ हवा असेल तर 'एक्सऑर' घ्यावा लागतो. ज्याला आपण बूलियन बीजगणित म्हणतो ते बूल यांच्या हातचं जसंच्या तसं नाही, नंतरच्यांनी ते घासूनपुसून घेतलेलं आहे.

आणखी एक अडचण 'सगळे' या शब्दाची. सगळे क्ष हे य आहेत, हे त्यांनी लिहिलं क्ष(१ − य) = ०, म्हणजे य नसलेला क्ष एकही नाही. फार सुंदर. पण क्ष मुळातच रिकामा असला तर? समीकरण तरीही खरं! जुन्या तर्कशास्त्रात 'सगळे' म्हटलं की 'निदान काही आहेत' हे गृहीत असे आणि बूल यांनी वेगळं चिन्ह वापरून ते सांभाळायचा प्रयत्न केला. पुढच्या लोकांनी तो नाद सोडला. म्हणून रिकाम्या यादीवर 'एव्हरी' चालवलं की जावास्क्रिप्ट ट्रू म्हणतं. दरवर्षी कुणीतरी विचारतं, सर ही चूक आहे का? नाही. वर्गात कुणीच नसेल तर एकही नापास नाही, हे खरंच आहे. फक्त त्यावरून निकाल शंभर टक्के लागला असा फलक लावू नये.

मेरी एव्हरेस्ट

१८५५ मध्ये बूल यांचं लग्न मेरी एव्हरेस्ट यांच्याशी झालं. आडनाव ओळखीचं वाटलं ना? भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचं नाव शिखराला दिलं, ते मेरी यांचे काका. मेरी स्वतः गणिताच्या जाणकार होत्या आणि मुलांना गणित कसं शिकवावं यावर त्यांनी पुस्तकं लिहिली. पुठ्ठ्याला भोकं पाडून सरळ दोऱ्यांनी वक्ररेषा तयार करायचा खेळ आपण प्रदर्शनात ठेवतो, त्यामागे त्यांची कल्पना आहे. १९०१ मध्ये त्यांनी डॉ. बोस यांना लिहिलेल्या एका पत्रात असं मांडलं की एव्हरेस्ट काकांनी भारतातून आणलेल्या विचारांचा बूल, डी मॉर्गन यांच्यावर खोल परिणाम झाला होता. हे पत्र आजकाल मोबाइलवर फार फिरतं. मी एवढंच म्हणेन की ती एका पत्नीची आठवण आहे. बूल यांच्या पुस्तकांत चर्चा आहे ती ॲरिस्टॉटलची, क्लार्कची, स्पिनोझाची. भारताचं श्रेय वाढवायला आपल्याला याची गरज नाही.

नऊ वर्षांचा संसार, पाच मुली. त्यातली ॲलिशिया चार मितींच्या भूमितीत नाव काढून गेली. लूसी रसायनशास्त्रज्ञ झाली. धाकटी एथेल लिलियन म्हणजे 'द गॅडफ्लाय' कादंबरीची लेखिका.

१८६४ च्या नोव्हेंबरअखेर एका दिवशी बूल घरून कॉलेजला निघाले. सुमारे तीन मैलांचं अंतर, धो धो पाऊस. चुकवायचा तास नाही म्हणून चालत गेले आणि ओल्या कपड्यांत शिकवलं. ताप आला, तो छातीत उतरला. ज्या कारणाने आजार झाला त्याच जातीचा उपाय करावा असं मेरी मानत, म्हणून त्यांनी नवऱ्याला ओल्या चादरींत ठेवलं, असं सांगितलं जातं. खरंखोटं कसंही असो, ८ डिसेंबर १८६४ रोजी न्यूमोनियाने बूल गेले. वय ४९. धाकटी मुलगी तेव्हा वर्षाचीसुद्धा नव्हती. मेरी इंग्लंडला परतल्या आणि लंडनच्या एका कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी धरली.

नंतर

बूल यांच्या चिन्हात एकच रिकामी जागा होती : '____ पांढरा आहे'. पण '____ हा ____ पेक्षा उंच आहे' यात दोन जागा आहेत आणि तिथे त्यांचं यंत्र अडतं. डी मॉर्गन यांनी नात्यांचं तर्कशास्त्र सुरू केलं, अमेरिकेत पर्स यांनी ते पुढे नेलं आणि १८७९ मध्ये जर्मनीत गॉटलोब फ्रेग यांनी संपूर्ण नवी मांडणी केली. विधेय म्हणजे असं फंक्शन की ज्याची किंमत नेहमी खरं किंवा खोटं असते, हे स्पष्ट शब्दांत फ्रेग यांचं. म्हणजे प्रेडिकेटची व्याख्या त्यांची, आणि प्रेडिकेटांची जुळणी बूल यांची.

१९३७ मध्ये क्लॉड शॅनन या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने अमेरिकेत एमआयटीला प्रबंध लिहिला. त्याने कॉलेजात तर्कशास्त्राचा एक कोर्स केला होता. रिले स्विचेसची जोडणी बघताना त्याच्या लक्षात आलं की दोन स्विच एकापुढे एक लावले की 'आणि', शेजारी शेजारी लावले की 'किंवा'. तिथून बूल यांचे ० आणि १ वीजमंडलात शिरले. पुढे लिस्प भाषेत प्रेडिकेटच्या नावाच्या शेवटी पी अक्षर लावायची पद्धत पडली, स्कीम आणि रूबीत तर चक्क प्रश्नचिन्ह लावतात. तुम्ही तुमच्या फंक्शनला 'चेक' असं मोघम नाव देता ते म्हणूनच मला चालत नाही. नाव असं हवं की वाचल्यावर उत्तर हो किंवा नाही असंच सुचावं.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. बूल यांच्याकडे क्षय = यक्ष कायम खरं आहे. आपल्या मशीनवर ते तेव्हाच खरं जेव्हा प्रेडिकेट फक्त बघतं, कशाला हात लावत नाही. एखाद्या प्रेडिकेटने तपासता तपासता गुण बदलले किंवा यादीतलं नाव उडवलं, तर क्रम बदलला की निकाल बदलणार. शिवाय 'यादी रिकामी नाही' आणि 'पहिल्याचे गुण ३५ पेक्षा जास्त' यांत पहिली अट आधीच लिहावी लागते, कारण मशीन डावीकडून वाचतं आणि पहिलं उत्तर नाही आलं की तिथेच थांबतं. उलट लिहून बघा, रिकाम्या यादीवर प्रोग्राम कोसळेल.

स्वाध्याय : शिष्यवृत्तीचा प्रोग्राम पुन्हा लिहा. 'उत्पन्न भरलेलं आहे का' आणि 'पात्र आहे का' ही दोनच प्रेडिकेट्स लिहायची, तिसरं नाही. तीन याद्या काढायच्या. तिन्ही याद्यांची बेरीज ६० येते का ते प्रोग्रामनेच तपासायचं. आणि चाचणीसाठी गाय-घोड्याबरोबर उंट आणि डुक्कर सुद्धा घ्यायचे, म्हणजे काय ते तुम्हाला आता कळलं असेल. वह्या सोमवारी आणा.